अंक चौथा, पान एकतीस

उलानबातर. सकाळचे साडेनऊ, उणे एकोणतीस.
कायदा विद्यालयाच्या तळघरात
गरम पाण्याच्या नळाला पाठ टेकून
गोंचिगदोर्ज जुन्या नियतकालिकांची धूळ पुसत होता,
तेव्हा ती आली.
सेवजिद. गोबीतून, रात्रभर बसने.
हातमोजे न काढताच म्हणाली,
एक लेख आहे म्हणे.

कोण म्हणतं?
वकील. त्यालाही कुणीतरी सांगितलेलं.
ओवोल्जोवर आहे. निळं मुखपृष्ठ.

ओवोल्जो म्हणजे हिवाळ्याचा मुक्काम.
वारा अडवणारा डोंगर,
पायाखाली मेंढ्यांच्या लेंड्यांचा हातभर थर,
वर्षानुवर्षं तुडवून घट्ट झालेला, उबदार.
घर नव्हे. घर तर उंटावर लादून नेता येतं.
ही नुसती परत येण्याची जागा.
तिथे आता तारेचं कुंपण आहे
आणि कोळसा कंपनीची पाटी.

त्याने शब्द टाकला. शून्य.
टोकियोच्या सूचीत टाकला, रोमन लिपीत,
ओ ठिपक्यांचा, ओ बिनठिपक्यांचा.
शून्य.
सिंगापूरच्या एका भांडाराने
पस्तीस डॉलर मागितले;
सारांश फुकट होता, तो वाचला,
तर लेख निघाला कझाकस्तानच्या कुरणांवरचा.
लायडनहून उत्तर आलं, नम्र,
की आमच्याकडे अंक पहिला ते तिसरा.

सेवजिद खुर्चीच्या कडेवर बसलेली.
तिला वाटत होतं, कायदा म्हणजे
कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायची गोष्ट.
तो असा हरवतो,
कालवडीसारखा,
हे तिला नवीन होतं. तरी थोडं ओळखीचंही.

दुपारी, चहा गार झाल्यावर, त्याला आठवलं:
त्या वर्षी विद्यालयात एकच संगणक होता,
त्यावर रशियन अक्षरं. मंगोल ओ नव्हता.
लखामसुरेनबाईंनी टंकताना
शेजारच्या कुठल्याशा लिपीतलं
साधारण तसं दिसणारं अक्षर उसनं घेतलेलं.
एका शब्दात तीन वेळा.

(ज्या यंत्रावर ळ नाही
त्यावर आपण मूळ शोधावं
आणि मूल सापडावं,
काळ शोधावा
आणि हाती काल यावा,
तसंच हे.)

त्याने चुकीचं अक्षर टाकलं. तीनदा.
अंक चौथा, पान एकतीस.
कपाट सात, खालून दुसरा कप्पा,
निळा रंग उडून राखाडी झालेला.

झेरॉक्स यंत्राशी उभ्या उभ्या त्याने वाचला.
सवय. वाचायला नको होता.
लेखकाचं म्हणणं स्वच्छ होतं:
सलग तीन हिवाळे जागा रिकामी राहिली
तर हक्क संपला असं धरावं.
नवरा दवाखान्यात होता तेव्हाचे
तीन हिवाळे
तिने त्याला सकाळीच मोजून सांगितले होते.

यंत्राचा हिरवा उजेड पानावरून सरकला,
परत आला.
लेख मिळाला नाही, असं म्हणता आलं असतं.
दिवसभर तेच तर म्हणत होता.

त्याने पानं दिली. चौदा.
पैसे घेतले नाहीत; ते नियमाविरुद्ध होतं.

तिने सावकाश वाचलं, ओठ हलवत,
बोटाने ओळ धरून.
मग घडी घालून देलच्या आत, छातीशी ठेवलं.
बरं झालं, म्हणाली.
ते काय बोलणार ते कळलं.
आणि मग, दारातून वळून:
रिकामी कुणाला म्हणायचं,
हे त्याने नाही लिहिलेलं.
आमच्या मेंढ्या दीर सांभाळत होता. तिथेच.

ती गेल्यावर त्याने पान पुन्हा उघडलं.
खरंच नव्हतं लिहिलेलं.

मग सूचीत जाऊन
ती तीन उसनी अक्षरं पुसली,
एकेक करून आपला ओ घातला,
आणि दिवा बंद करण्याआधी
तोच शब्द पुन्हा शोधून पाहिला.

एक नोंद सापडली.